डाव्या काचेवरची चिकटपट्टी

पेंट्रे,
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

प्रिय नेस्टा,

तुमच्या घरचं मी एकेकाचं नाव घेऊन विचारणार आहे, म्हणजे ‘आम्ही सगळे मजेत’ एवढ्यावर तुला सुटता येणार नाही. ग्रेगचा गुडघा आता जिना चढू देतो का? टेगनच्या दातांच्या तारा निघाल्या असतील तर तिला सांग, आजीला हसतानाचा एक फोटो पाठव. मिटल्या तोंडाचे फोटो बघून कंटाळले मी. तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? पट्टी काढल्यावर त्यांना सगळ्यात आधी काय दिसलं, हे मला खरंच ऐकायचं आहे. आणि तुझी मान? दिवसभर त्या दुधाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वाकून बसतेस, ती धरायची थांबली का? इकडे मी ठणठणीत आहे. मॉस कुत्रा म्हातारा झाला, त्याला आता कमी ऐकू येतं, पण डब्याचं झाकण उघडलं की मात्र बरोबर ऐकू येतं. माझा उजवा खांदा तेवढा निळाजांभळा झालाय आणि गालाच्या हाडावर आलुबुखाऱ्यासारखा एक डाग आहे. पडले-बिडले नाही, घाबरू नकोस. त्याचंच सांगायला बसले आहे.

फोनवर सांगता आलं असतं म्हणशील. पण फोनवर तू इकडच्या पावसाचं विचारतेस, मी तिकडच्या वाऱ्याचं विचारते, आणि मग दोघी ‘बरं, ठेवते’ म्हणतो. हे सांगायला कागदच हवा होता. तर ऐक. तुझी आई बंदूक चालवायला शिकते आहे. जूनपासून. प्रोसरच्या शेतावर, दर रविवारी, तुझ्या बाबांच्या क्लबात, जिथं मी इतकी वर्षं फक्त चहाच्या तंबूत उभी राहून केक कापले, तिथं आता मी चौकटीत उभी राहते, बंदूक खांद्याला लावते आणि ‘सोड’ म्हणून ओरडते. आणि नेम धरायला यंत्रातून हवेत फेकलेली ती काळी थाळी माझ्यासमोरून अख्खीच्या अख्खी निघून जाते आणि गवतात अलगद उतरते, जशी काही पाहुणी होती.

कारण तुला माहीत असायला हवं. बाबांनी जाण्याआधी इद्रिस प्रोसरला बोलावून सांगितलं होतं की माझी थोडी राख काडतुसांत भरून घे आणि क्लबाच्या शरद ऋतूतल्या मोठ्या रविवारी उडव. तू अंत्यविधीला आलीस तेव्हा मी हे बोलले नव्हते, तुझ्या परतीच्या विमानाच्या गडबडीत राहूनच गेलं. क्लबात हे नवीन नाही. जो जातो त्याची मूठभर राख सगळे मिळून उडवतात, बाकीची चॅपलच्या आवारात जाते. तिथं मी दर आठवड्याला जाते, त्यांच्या दगडाशी वाढणारं गवत उपटते. मात्र क्लबाचा एक नेम आहे. शेवटची दोन काडतुसं घरच्या माणसाची. बंदुकीला दोन नळ्या, म्हणून दोन. तुला एम्रिस जार्मन आठवतो, टोपीला पीस लावायचा तो? त्याच्या वेळी त्याचा जावई आला होता शहरातून, नवीन कोट घालून. दोन्ही नळ्या झाडल्या आणि दोन्ही फुकट. तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण आजतागायत ओकच्या झाडावरून एखादा कावळा गेला की कुणीतरी मान वर करून म्हणतं, “एम्रिस अजून उडतोयच बघा.” आणि सगळे हसतात. बाबाही हसायचे. मला म्हणाले होते, “ग्लेनिस, मला तसा लटकत ठेवू नकोस बाई.” त्या वेळी त्यांना श्वास पुरत नव्हता, तरी हसत होते. मी हो म्हणून बसले. आता हो म्हटल्यावर काय करणार?

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, यात आहे काय. इतकी मोठी नळी, त्यातून शेकडो छर्रे बाहेर पडतात, आणि थाळी तर बशीएवढी. इद्रिसनं क्लबाची हलकी बंदूक दिली, कानांवर ते मोठे टोप चढवले, डोळ्यांवर पिवळा चष्मा. म्हणाला, “गाल लाकडाला चिकटव. खांद्यात घट्ट बसव. थाळीच्या मागून ये, तिला गाठ, पुढं जा आणि मार. आणि थांबू नकोस.” मी म्हटलं, “एवढंच ना?” तो म्हणाला, “एवढंच.” मग मी गाल चिकटवायचे तेव्हा थांबायचे, थांबायचे नाही तेव्हा गाल उचलायचे, आणि दोन्ही बरोबर जमलं त्या वेळी ‘सोड’ म्हणायलाच विसरले. इद्रिस यंत्राच्या बटणावर अंगठा ठेवून उभा. मी बंदूक लावून उभी. सगळं शेत उभं. शेवटी तो म्हणाला, “आम्ही जेवून येऊ का तोवर?”

मला सगळ्यात चक्रावून टाकलं ते या गोष्टीनं की ती थाळी जिथं दिसते तिथं मारायचंच नाही. जिथं ती अजून पोचलेलीही नाही, तिथं मारायचं. म्हणजे रिकाम्या हवेवर नेम धरायचा आणि विश्वास ठेवायचा की ती वेळेवर येईल. मी असा विचार कधी केला नव्हता. घरी येऊन ओट्यावरून चमचे घरंगळवून पाहिले, मॉसला चेंडू टाकून तो कुठं धावतो ते पाहिलं. मॉस चेंडूकडे धावत नाही, नेस्टा, चेंडू पडणार असतो तिकडे धावतो. कुणी शिकवलं त्याला? मला मात्र सत्तरीत शिकायला लागलं. आणखी एक गंमत कळली. त्या थाळ्यांना मातीची कबुतरं म्हणतात, पण ती मातीची नसतातच. गवतातून एक तुकडा उचलून नखानं खरवडला, विस्तवाशी धरला, तर डांबराचा वास. डांबर आणि चुनखडीची पूड. मी इद्रिसला सांगितलं तर तो म्हणाला, “तुझ्या हातून ती मोडत नाहीत, त्यामुळे कशाची का असेनात.”

क्लब तुला माहीतच आहे. तिथं शिकवणारा असा कुणी नाही. प्रत्येक जण आपल्या बापाकडून शिकलेला, तो त्याच्या बापाकडून. ज्याला लागतं तो राहतो, ज्याला लागत नाही तो पुढच्या वर्षी मासे धरायला लागतो, आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. त्यामुळे सल्ला सगळ्यांचा एकच. “मागं गेलं, ग्लेनिस.” मी पुढं मारलं की, “अजून मागंच.” मी आणखी पुढं मारलं की, “अगं, आता तू पलीकडच्या गावात मारलंस.” डेरिक, ज्याची गोठ्याची फाटकं तुझे बाबा दुरुस्त करायचे, तो तर एकदा म्हणाला, “बाई, तू नुसतं त्या थाळीकडे बघ. तू बघतच नाहीस.” हे ऐकलं आणि माझ्या हातातली बंदूक मी उघडून बाकावर ठेवली. त्याचा राग आला म्हणून नाही. ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. तूही ऐकलं होतंस. आणि मी खात्रीनं सांगते, मी बघत होते. थाळीच्या कडेवरची वर्तुळं मोजता येतील इतकी बघत होते. मग बघणाऱ्या माणसाला ‘तू बघत नाहीस’ असं लोकांना का वाटावं?

हा प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. तुला माझा स्वभाव माहीत आहे. शाळा चौदाव्या वर्षी सुटली, पण कशाचं तरी कारण कळलं नाही की माझं जेवण गोड लागत नाही. ऑगस्टभर मी खिडकीशी उभी राहून चॅपलच्या छपरावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यावर नेम धरत होते, झाडूच्या दांड्यानं. पोस्टमन ओवेनला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. तो फाटकाशी उभा राहून हळूच म्हणाला, “सगळं बरं आहे ना, मिसेस प्रीस?” मी म्हटलं, “बरं आहे, फक्त कोंबडा पडत नाही.” त्यानं पत्रं भिंतीवर ठेवली आणि गेला.

मग सप्टेंबरात एक दिवस बाबांच्या कोटाचं बटण लावायला बसले. कोट कुणाला द्यायचा नाही, तरी बटण तुटकं बरं दिसत नाही. सुईत दोरा ओवायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की मी उजवा डोळा मिटला आहे. मी आयुष्यभर असंच ओवत आले असणार, पण स्वतःच्या मिटलेल्या डोळ्याकडे कोण बघतं? मी सुई खाली ठेवली. डावा मिटून ओवायला गेले तर दोरा सुईच्या शेजारून गेला. पुन्हा, पुन्हा शेजारून, आणि दर वेळी त्याच बाजूनं. मग खिडकीशी गेले, दोन्ही डोळे उघडे ठेवून कोंबड्याकडे बोट दाखवलं. उजवा डोळा मिटला, बोट कोंबड्यावरच. डावा मिटला, तर बोट टुणकन उडी मारून ओकच्या झाडावर. मी तिथं किती वेळ डोळे मिचकावत उभी होते कुणास ठाऊक. म्हणजे बंदूक माझ्या उजव्या खांद्याला आणि बघणारा डोळा डावा. मी थाळीकडे अगदी मन लावून बघत होते, पण नळीच्या मागं जो डोळा होता तो बघत नव्हता, आणि जो बघत होता तो नळीच्या मागं नव्हता. नळी थाळीच्या डावीकडे बघत राहायची. थाळी जाते डाव्या कुंपणाकडून उजवीकडे. मग मागं नाही जाणार तर काय होणार?

रविवारी इद्रिसला चहाच्या तंबूमागं नेलं आणि म्हटलं, “माझ्या नाकाकडे बोट दाखव.” तो म्हणाला, “या वयात काय हे.” पण दाखवलं. त्याचा उजवाच निघाला. मग मी त्याच्या नाकाकडे दाखवलं, तेव्हा तो वाकून बघत राहिला, माझं बोट कुठल्या डोळ्यासमोर आलंय ते. मग म्हणाला, “असं असतं हे मी ऐकलं होतं. मला वाटलं, चुकणाऱ्यांनी काढलेली सबब आहे.” डेरिकला बोलावलं, त्याची बायको हेटी आली, बघता बघता सगळा क्लब एकमेकांच्या नाकांकडे बोटं दाखवत उभा राहिला. हेटीचा डावा निघाला. ती नवऱ्याला म्हणाली, “म्हणजे लग्न झाल्यापासून तू मला आंधळी म्हणत होतास ना, ते आता परत घे.” डेरिकनं टोपी काढली आणि पुन्हा घातली, तेवढंच.

उपाय किती साधा असावा. खांदा बदलायचा म्हटलं तर माझे हात या वयात ऐकेनात. मग हेटीनं प्रथमोपचाराच्या पेटीतली चिकटपट्टी कापली, नखाएवढी, आणि माझ्या पिवळ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर लावली. बरोबर अशा जागी, की गाल लाकडाला टेकला की डाव्या डोळ्यापुढं धुकं यावं आणि उजव्याला नाइलाजानं कामाला लागावं. मी ‘सोड’ म्हटलं. थाळी आली, माझ्यासमोरून निघाली, आणि मग नव्हती. काळ्या धुराचा एक गोळा आणि पडणारे तुकडे. मी मागं वळून विचारलं, “दुसऱ्या कुणी मारली का?” इद्रिस म्हणाला, “नाही बाई, तूच. आता बंदूक खाली कर, ती माझ्याकडे बघतेय.”

नंतर रोज लागलं असं समजू नकोस. मी अजूनही वाईटच मारते. वर जाणारी थाळी मला अजिबात जमत नाही, आणि गवतातून सशासारखी उड्या मारत जाते ती बघून मला हसूच येतं. पण आता चुकले तर का चुकले ते कळतं, आणि कळून चुकण्यात एक मजा आहे.

मोठा रविवार गेल्या आठवड्यात झाला. थंडी होती, पण ऊन होतं. मी मनुका घातलेले तव्यावरचे केक केले, कारण ते नसते तर बाबांनीच विचारलं असतं. सगळ्यांनी पाळीपाळीनं एकेक काडतूस उडवलं. साध्या काडतुसाचा धूर करडा असतो, यांचा जरा पांढरा होता, आणि तो ओकच्या दिशेनं हळूहळू जायचा. इद्रिसनं मारताना म्हटलं, “हे घे, विल्फ, वीस वर्षं माझ्या पुढं राहिल्याबद्दल.” मग माझ्या हातात दोन दिली. चिकटपट्टी नीट आहे ना ते हेटीनं पाहिलं. मी दोन्ही नळ्यांत भरली, खांद्याला लावलं, आणि मनात म्हटलं, लटकत ठेवणार नाही तुम्हाला. ‘सोड’. थाळी आली. मी तिच्या मागून आले, तिला गाठलं, पुढं गेले, थांबले नाही. फार नाही मोडली. कडेचा एक तुकडा उडाला, नखाएवढा, पण उडाला, आणि आमच्यात तुकडा दिसला की लागली असं धरतात. इद्रिस मोठ्यानं म्हणाला, “लागली.” सगळे म्हणाले, “लागली.” आणि तो पांढुरका धूर ओककडे गेला.

दुसरं मी झाडलं नाही. बंदूक उघडली, ते काढलं आणि खिशात टाकलं. इद्रिस म्हणाला, “अगं, नेम दोन्हीचा आहे.” मी म्हटलं, “ते माझं नाही.” त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, “दे, मी माझ्या बंदुकीच्या कपाटात ठेवतो. कुलूप आहे त्याला.”

आता तुला सांगते मी का लिहायला बसले ते. तू बारा वर्षांची होतीस त्या उन्हाळ्यात बाबांनी तुला ती छोटी बंदूक आणली, आणि ऑगस्टपर्यंत दर रविवारी घेऊन गेले. तुझ्या हातून एकही मोडली नाही. आणि त्या शेवटच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर तुझ्या हातून बंदूक काढून घेतली आणि म्हणाले, “जाऊ दे. तू बघतच नाहीस.” तू गाडीत जाऊन बसलीस. मग तू पुस्तकांत गेलीस, मग शहरात, मग जगाच्या त्या टोकाला, आणि तुम्हा दोघांत मेंढ्या आणि पाऊस एवढंच उरलं. त्यांना वाटलं, आपल्याला जे जिवापाड आवडतं त्याकडे पोरीला बघावंसंही वाटत नाही. तुला वाटलं, बापाला आपण नकोसे झालो. नेस्टा, सुई ओवताना मला तू दिसलीस. चॅपलच्या जत्रेत मिळालेली ती पत्र्याची दुर्बीण तू नेहमी डाव्या डोळ्याला लावायचीस, आणि मी ती सरकवून उजव्याला लावली की चिडायचीस. सूक्ष्मदर्शकाला तू कुठला डोळा लावतेस, ते आजच बघ. मी पैजेवर सांगते. तू बघत होतीस. मन लावून बघत होतीस. फक्त ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि तुलाही. आणि इद्रिस म्हणतो, ती छोटी बंदूक मुलांना देतात खरी, पण तिच्यात छर्रे इतके कमी की तिनं लागणं सगळ्यात अवघड. बाबांनी ती कधी विकली नाही. दर हिवाळ्यात तेल घालायचे. मी विचारलं की म्हणायचे, “टेगन येईल कधीतरी.” टेगन म्हणायचे, पण तेल घालताना त्यांच्या मनात कोण असायचं ते मला दिसायचं. या पाकिटात चिकटपट्टीचा तुकडा घातलाय, मेणकागदावर चिकटवून, हेटीनंच कापलेला. काडतूस कपाटात आहे, आणि प्रोसरचं शेत वर्षभर जागेवर आहे. विल्फ प्रीस अजून अर्धे उडायचे राहिलेत, आणि त्यांना खाली आणणं माझ्या हातून व्हायचं नाही. कधी येतेस ते कळव. आधी डोळ्याचं कळव, लगेच, हे पत्र वाचून झाल्या झाल्या. मी रोज ओवेनची वाट बघीन, आणि या वेळी झाडू हातात धरणार नाही.

तुझीच,
आई